खोडलेली किंमत : ऑनलाइन खरेदीतील फसव्या जाहिरातींची एक चिकित्सा

प्रस्तावना

भांडुप पश्चिमेच्या बाजारात एखाद्या दुकानदाराने किंमत फुगवून सांगितली, तर ग्राहक चार पावले चालून शेजारच्या दुकानात तिची खातरजमा करतो. ऑनलाइन खरेदीत मात्र काट मारलेली मूळ किंमत हाच बहुधा सवलतीचा पुरावा ठरतो आणि तो विक्रेत्यानेच मांडलेला असतो. या जाहिरातपद्धतीची व तिच्याविषयीच्या कायद्याची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायद्याची चौकट

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती हेतुतः दडविणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. या अधिनियमान्वये २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने २०२३ मध्ये खोटी निकड भासविणे, ग्राहकाच्या नकळत खरेदीत वस्तू घालणे, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे अशा १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली.

विवेचन

पुण्यात मुख्यालय असलेल्या फर्स्टक्राय या संकेतस्थळाचे प्रकरण येथे उद्बोधक आहे. सर्व करांसह किंमत दाखवून शेवटी सवलतीच्या रकमेवर वस्तू व सेवा कर वेगळा आकारल्याबद्दल संबंधित कंपनीस प्राधिकरणाने २०२५ मध्ये २ लाख रुपये दंड केला. हिशेब साधा आहे. १,००० रुपयांच्या वस्तूवर २७ टक्के सूट दिल्यास ७३० रुपये होतात. त्यावर १२ टक्के कर लावल्यास ग्राहक ८१७.६० रुपये देतो. म्हणजे प्रत्यक्ष सूट सुमारे १८ टक्केच उरते.

हा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु त्यातून तपासली गेली ती वजाबाकी. मूळचे १,००० रुपये कोठून आले, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. छापील कमाल किमतीपेक्षा अधिक दराने विक्री करता येत नाही. मात्र ती कमाल किंमत किती असावी, हे बहुतेक वस्तूंबाबत उत्पादकच ठरवितो. युरोपीय संघात २०२२ पासून सवलत जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. आपल्याकडील वरील तत्त्वांत असे बंधन नाही.

निष्कर्ष

१९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सामूहिक खरेदीतून मुंबईकरांना रास्त भावाची ओळख करून दिली. पडद्यासमोर एकटा बसलेला ग्राहक या आधाराला मुकला आहे. सणासुदीच्या खरेदीत त्याच्या मर्यादित पगाराचे मोल राखावयाचे असेल, तर दंडाबरोबरच मागील किंमत दाखविण्याची सक्ती कायद्याने करणे अगत्याचे आहे.