तंजावरची कथा: सूर राहिले, तिखट गेलं

तंजावरचं नाव निघालं की मराठी माणूस सरस्वती महाल ग्रंथालयाविषयी बोलतो, बृहदीश्वराच्या देवळात कोरलेल्या भोसले घराण्याच्या शिलालेखाविषयी बोलतो. तंजावरच्या शहाजीराजांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक विष्णुदास भाव्यांच्या १८४३ सालच्या ‘सीता स्वयंवरा’हून कितीतरी जुनं, हेही आपण अभिमानाने सांगतो. या भोसले दरबाराने रंगमंचावर काय काय करून पाहिलं आणि कोणाकोणाची थट्टा चालवून घेतली, हा विषय मात्र अभ्यासकांच्या पलीकडे जात नाही. माझ्या मते तंजावरचा खरा वारसा तिथे आहे, आणि त्यातला अर्धाच आज जिवंत आहे.

शहाजी (१६८४–१७१२) स्वतः लिहिणारा राजा. त्याच्या ‘पंचभाषाविलासा’त संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ आणि हिंदी या भाषा एकाच खेळात येतात. बघणाऱ्याला थोडं कळणार, थोडं निसटणार, निसटलेलं सुरांनी भरून काढायचं. ‘सतीदानशूरमु’ हे त्याचं तेलुगू प्रहसन तर आजही धाडसी वाटतं. मोरोभट नावाचा ब्राह्मण मन्नारगुडीच्या उत्सवात अस्पृश्य जातीतल्या एका विवाहितेवर भाळतो. शिष्य त्याला धर्म सांगून थोपवू पाहतो, पण गुरू काही केल्या ऐकत नाही. भटाचं नाव मराठी आहे. रोख कुणावर होता हे तंजावरात कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल. नवऱ्याने बायको दान देण्याचा भाग आज खटकतो, खटकायलाच हवा. तरीही आपल्याच पंक्तीतल्या माणसांना रंगमंचावर उघडं पाडायची ही हिंमत आजच्या किती आश्रयदात्यांकडे आहे?

दुसऱ्या सरफोजीच्या काळात (१७९८–१८३२) प्रयोग वाद्यांपर्यंत पोहोचले. राजवाड्यात युरोपीय वाद्यांचा बँड होता. तंजावर बंधू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीतकार भावांपैकी वडिवेलू व्हायोलिनवर कर्नाटक संगीत वाजवू लागला. त्रावणकोरचा राजा स्वाती तिरुनाळ याने १८३४ साली त्याला हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. आज व्हायोलिनच्या साथीशिवाय कर्नाटक मैफलीची कल्पनाही करवत नाही.

सगळ्यात टिकाऊ प्रयोग मात्र दरबार संपल्यावर झाला. १८५५ साली दुसरे शिवाजी वारले आणि गादी खालसा झाली. त्यानंतरच्या दशकात मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावरात चातुर्मासासाठी राहिले. त्यांची कीर्तनं ऐकून कृष्ण भागवतर (मृत्यू १९०३) यांनी मराठी कीर्तनाचा सांगाडा उचलला आणि त्यात तमिळ कथा, कर्नाटक राग, संस्कृत श्लोक बसवले. यातून कथाकालक्षेपम उभं राहिलं. भागवतर हातात चिपळ्या घेऊन उभा, मागे झील धरणारा, बाजूला मृदंग. निरूपण चालू असतं. प्रसंग तापला की भागवतर एकदम साकी उचलतो, दोन ओळींत घटना पुढे ढकलतो, दिंडीत करुण रस घोळवतो, आणि मग त्यागराजांची कृती संथपणे मांडतो. अभंग, ओवी, आर्या, अंजनीगीत, सगळं आहे. समोरच्यांना मराठी शब्द कळत नाहीत, पण साकी लागली की आता काहीतरी घडणार हे त्यांना ठाऊक असतं. पुढे याच छंदांत तमिळ रचना झाल्या. सी. सरस्वतीबाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही कथा करायला घेतली तेव्हा पुरुष भागवतरांनी त्यांना कडाडून विरोध केला. त्या मागे हटल्या नाहीत. बाई कथेला उभी राहते हीच तेव्हा केवढी बंडखोरी होती.

आजचं चित्र? गाण्याची बाजू भक्कम आहे. विशाखा हरी यांच्यासारख्या कलावतीची तयारी मैफलीच्या गायिकेच्या तोडीची आहे आणि सभागृहं भरतात. माझी तक्रार बोलण्याविषयी आहे. कीर्तनकाराला गावातल्या सावकाराला, पाटलाला, पुढाऱ्याला आख्यानातूनच चार शब्द ऐकवायची मुभा होती; गाडगेबाबांनी ती शेवटपर्यंत वापरली. तंजावरहून निघालेल्या कथेत भक्ती वाढली, सफाई वाढली, आणि ही मुभा कुणी वापरेनासं झालं. श्रोता घरी जाताना प्रसन्न असतो, पण अस्वस्थ कधीच नसतो.

तिखट दुसरीकडे गेलं. एन. एस. कृष्णन या विनोदी नटाने नंदनार या दलित संताच्या प्रसिद्ध कथेवरून ‘किंदनार’ सादर केलं. बाज सगळा कालक्षेपमचा, नायक मात्र देवदर्शनाऐवजी शिक्षणासाठी शहरात जाणारा दलित मुलगा. १९४९ च्या ‘नल्लतंबी’ चित्रपटात ते आलं आणि घराघरांत पोहोचलं. याच कृष्णनचा १९५७ च्या निवडणुकीतला किस्सा तमिळनाडूत अजून सांगतात. कांचीपुरमला द्रमुकचे नेते अण्णादुराई यांच्या विरोधात एक डॉक्टर उभे होते. अण्णादुराईंच्या प्रचारसभेत कृष्णनने डॉक्टरांचीच स्तुती मांडली आणि शेवटी म्हणाला, एवढा चांगला डॉक्टर मद्रासला पाठवून कसं चालेल, त्यांना इथेच ठेवा आणि अण्णांना विधानसभेत पाठवा. हा शुद्ध कीर्तनकाराचा डाव आहे. ऐकणाऱ्याला एका वाटेने न्यायचं आणि मुक्काम दुसराच दाखवायचा.

तंजावरला अशा जिभेची गरज किती आहे हे २०१६ साली दिसलं. मतदारांना पैसे वाटल्याच्या प्रकारामुळे निवडणूक आयोगाने तंजावर आणि अरवकुरिची इथलं मतदान रद्द केलं. नव्याने मतदान नोव्हेंबरमध्ये झालं. एवढ्या मोठ्या आख्यानाला हात घालणारा भागवतर मला ठाऊक नाही. चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या बँडने ‘गाना’ ही चेन्नईच्या वस्त्यांतली गाणी आणि रॅप एकत्र करून जातीवर थेट गाणी म्हटली, ती या पोकळीतूनच.

महाराष्ट्राने यावर बोट दाखवण्यासारखी परिस्थिती नाही. २०२५ च्या मार्चमध्ये विनोदकार कुणाल कामराच्या विडंबनगीतावरून मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’ या छोट्या मंचाची मोडतोड झाली. लगेच पालिकेचे हातोडेही आले. कामरा तमिळनाडूत राहत असल्याने त्याला अंतरिम संरक्षण मिळालं ते मद्रास उच्च न्यायालयातून. कीर्तन, भारूड, तमाशाचा वग यांवर वाढलेल्या प्रदेशाला एका गाण्याचं इतकं वावडं व्हावं, याचं मला मनापासून दुःख आहे. मंच लहान असतो म्हणूनच तिथे नवं करून पाहता येतं. तो मोडला की नव्या गाण्याला उभं राहायला जागा राहत नाही.

काम करायला सामग्री कमी नाही. सरस्वती महालात मराठी निरूपणांच्या पोथ्या आहेत, साकी-दिंडीच्या चाली तमिळ भागवतरांच्या गळ्यात आहेत, मेलट्टूर गावात भागवत मेळा हे नृत्यनाट्य दर नृसिंहजयंतीला उभा राहतो. पुण्या-मुंबईच्या एखाद्या तरुण कीर्तनकाराने तंजावरला जाऊन तिथल्या भागवतराशेजारी बसावं, दोघांनी मिळून पाच भाषांत कथा बांधावी, आणि पहिलं आख्यान विकल्या गेलेल्या मताचं लावावं.