भारी पायदळाचा पगार

'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठे घेऊन खेळणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात भारी पायदळ कोणतं? 2009 साली कॉम्प्युटरवर आलेला हा गेम 2024 च्या अखेरीस फोनवर आला. त्यामुळे आमच्या परभणीत ज्यांच्या घरी कधी गेमिंगचा पीसी नव्हता, अशी पोरंही आता रात्री दोनपर्यंत जागून दिल्लीवर स्वारी करतात. सकाळी भेटले की विचारतात, कोणती पलटण भरती करू?

सरळ उत्तर आधी देतो. दोन-चार महागड्या पलटणींपेक्षा मध्यम दर्जाच्या बंदूकवाल्यांची लांब रांग जास्त कामाला येते. तलवारवाले तिच्या मागे ठेवा, घोडदळ दोन्ही बाजूंना, आणि तोफा उंचावर. शत्रूची एक पलटण पळाली की शेजारची डळमळते, हे या गेमनं फार छान दाखवलंय. धुरात काही दिसेनासं होणं, गोळी भरायला लागणारा वेळ, माणसांचा धीर सुटण्याचा तो क्षण, यासाठी मी या गेमला पैकीच्या पैकी मार्क देईन.

माझं भांडण आहे ते युनिटच्या कार्डाशी. त्यावर माणसं किती, नेम कसा, धीर किती, भरतीला पैसे किती हे सगळं असतं. एका कोपऱ्यात आणखी एक आकडा असतो, दर फेरीच्या खर्चाचा. फेरी म्हणजे सहा महिने. हा खर्च गेम आपोआप वळता करून घेतो, त्यामुळे आपण तिकडं बघतही नाही. माझं म्हणणं असं की कार्डावरचा सगळ्यात मोठा आकडा तोच आहे, आणि गेमनं सगळ्यात स्वस्तात सोडलाय तोही तोच.

हे पुस्तकी वाटत असेल तर मराठवाडा आणि आसपासचा नकाशा उघडा. उदगीर, खर्डा, असई. परभणीहून गाडी काढली तर यातलं कुठलंही ठिकाण बघून रात्री घरी जेवायला येता येतं. अठराव्या शतकातलं कवायती पायदळ समजून घ्यायला एवढा जवळचा वर्ग दुसरा नाही.

सुरुवात उदगीरपासून. 1760 मध्ये तिथं निजामाचा पराभव झाला, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि पलटणींचा मोठा हात होता. हा माणूस आधी निजामाकडेच होता, फ्रेंच पद्धतीच्या कवायतीत तयार झालेला. पुढच्या वर्षी, 14 जानेवारी 1761 ला, तो पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या बाजूनं उभा होता. लढाई पाहिलेल्या काशीराजानं एक प्रसंग लिहून ठेवलाय. माझ्या माणसांना महिन्याच्या महिन्याला रोख पगार हवा, या हट्टामुळे तुम्ही माझ्यावर नाराज होतात, तो पैसा वाया गेला नाही हे आज दाखवतो, अशा अर्थाचं इब्राहिमखान भाऊंना लढाईआधी म्हणाला. आणि त्यानं ते दाखवलं. त्याच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी फोडली आणि त्यात स्वतःची बहुतेक माणसं गमावली. गेमच्या भाषेत सांगायचं तर ते मराठ्यांचं 'टॉप टियर' पायदळ होतं, आणि त्याच्या सेनापतीला लढाईच्या सकाळीही पगाराचा विषय सोडता आला नाही.

बारा वर्षांनी, 30 ऑगस्ट 1773 ला, शनिवारवाड्यात गारदी घुसले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध'चा 'मा' आपल्याला पाठ आहे. पण गारदी वाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराची तक्रार पुढे करून, हे फारसं सांगितलं जात नाही. कटाचे सूत्रधार वेगळे होते हे खरं. तरी ही सबब लोकांना पटण्यासारखी होती, यातच सगळं आलं. तेव्हापासून मराठीत 'गारदी' हा शब्द मारेकऱ्यासारखा वापरला जातो. पानिपतावर मेलेले गारदी त्या शब्दातून पुसले गेले.

आता उलट उदाहरण. महादजी शिंद्यांनी 1784 पासून द ब्वॉन्य या सव्हॉयच्या माणसाकडून पलटणी उभ्या केल्या. त्यांच्या खर्चासाठी त्याला अलीगढच्या आसपासचा मुलूखच तोडून दिला. वसुली तिथली, पगार तिथूनच आणि वेळेवर. 1790 मध्ये मेडत्याला राठोडांच्या घोडदळानं जिवावर उदार होऊन हल्ला केला, तेव्हा याच पलटणी चौकोन करून जागेवर उभ्या राहिल्या. गेममध्ये असा चौकोन संशोधन करून मिळतो. मेडत्याला तो कवायतीनं मिळाला, आणि कवायत टिकली ती पगारावर.

खर्ड्याला 1795 मध्ये दोन्हीकडे फ्रेंच वळणाच्या पलटणी होत्या: शिंद्यांकडे पेराँच्या, निजामाकडे रेमंडच्या. आपण मराठे निवडून खेळतो खरे, पण परभणीचा हा मुलूख पुढे 1948 पर्यंत निजामाच्या राज्यातच राहिला, तेव्हा रेमंडचं पायदळही आपल्याच इतिहासात मोडतं. त्या पायदळाचं काय झालं? 1798 मध्ये रेमंड वारला. ऑक्टोबरमध्ये थकलेल्या पगारासाठी शिपायांनी आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्ध बंड केलं, आणि ती संधी साधून इंग्रजांनी हैदराबादेत सगळ्यांची शस्त्रं काढून घेतली. लढाई झालीच नाही. हजारो कवायती शिपाई एका थकबाकीत संपले.

शेवटी असई, जालना जिल्हा, 23 सप्टेंबर 1803. वेलस्लीनं केळणा नदी ओलांडून बाजूनं यायचा डाव टाकला. गेममधला कॉम्प्युटर अशा वेळी गोंधळतो. शिंद्यांच्या पोलमननं मात्र सगळं पायदळ फिरवून नवी फळी धरली. कंपनीची पंधराशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. वेलिंग्टन म्हातारपणीही ही लढाई विसरला नव्हता. शिपाई कमी पडले नव्हते. पण युद्ध सुरू होताना कंपनीनं जाहीर केलं होतं की शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांची सोय आम्ही करू, आणि अनेकजण निघून गेले होते. शत्रू आपल्या पलटणीचे कप्तान पगारावर फोडतो, ही चाल 'एम्पायर'मध्ये नाही.

कार्डावरचे आकडे नुसते अपुरे नाहीत, ते एक समजूतही शिकवतात. या गेममध्ये भारतीय पलटणींची नावं धर्मावरून पडली आहेत: हिंदू, इस्लामिक, सिख. 2007 च्या 'एज ऑफ एम्पायर्स 3'च्या आशियाई भागात भारताच्या पायदळात शिपाई, राजपूत आणि गुरखा मिळतात. मराठी नाव पायदळात नाहीच. लढण्याचं कसब जातीत किंवा धर्मात असतं, ही 1857 नंतर इंग्रजांनी भरतीसाठी रुजवलेली कल्पना आहे. इब्राहिमखान गारदी यातल्या कुठल्या कार्डावर बसेल?

आपणही फार वेगळं करत नाही. मावळा म्हटलं की आपण निष्ठा म्हणतो, गारदी म्हटलं की भाडोत्री. पण सैन्याला वतनाऐवजी सरकारी खजिन्यातून रोख पगार देण्यावर शिवाजी महाराजांचा भर होता. मावळ्याची निष्ठा त्यामुळे कमी होत नाही. उलट ती कोणी, कशी सांभाळली हे कळतं. पगार मागणारा शिपाई कमी शूर, असं आपल्याला कुणी शिकवलं?

गेम असं शिकवायला बसलेला नाही, त्यात मजा आहे म्हणून आपण खेळतो, हे मला मान्य आहे. पण थकबाकी आत आली तर मजा वाढेलच. तोवर एक घरगुती नियम करा. एखाद्या फेरीत जमेपेक्षा खर्च जास्त झाला, तर आपली सगळ्यात महाग पलटण आपल्याच हातानं मोडायची, मग ती सीमेवर शत्रूसमोर का उभी असेना. दहा फेऱ्यांत तुमची भरतीची यादी बदलेल. बंदरं आणि शेती आधी, चकचकीत पलटणी नंतर. आणि बंदूकवाल्यांची ती मध्यम दर्जाची रांग मी का सुचवली, तेही कळेल: तिचा पगार तुम्हाला झेपतो.