सूर जुळवतानाच्या टाळ्या

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या मदतीसाठी मोठा जलसा झाला. पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखा मंचावर येऊन बसले आणि आपापली वाद्ये सुरात लावू लागले. ते लावणे थांबताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला! तेव्हा रविशंकरांनी हसून सांगितले ते अशा आशयाचे होते: वाद्ये जुळवणेच एवढे आवडले असेल, तर वादन आपल्याला त्याहून आवडेल अशी आशा आहे.

हा किस्सा आपल्याकडे परक्या श्रोत्यांच्या अज्ञानाचा म्हणून चवीने सांगितला जातो. मला त्यात निराळेच काही दिसते. ते श्रोते अडाणी होते म्हणण्यापेक्षा अधीर होते असे म्हणावे. मंचावरची माणसे थोर आहेत, तेव्हा ती जे करतील ते थोरच असणार, असे त्यांनी घरून निघतानाच ठरवले होते. दाद ऐकण्याच्या अगोदर निघून गेली. आणि ज्याला आज गाजावाजा म्हणतात, त्याचे सारे रहस्य या एवढ्या उलटापालटीत आहे. हसायचेच तर आपण स्वतःलाही त्यातून वगळू नये.

कारण पुरावा ताजा आहे. कोल्डप्ले नावाचा इंग्रजी रॉक बँड २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईत आला आणि १८, १९ व २१ या तारखांना नेरुळच्या क्रीडांगणावर गाऊन गेला. तिकिटांची विक्री आदल्या वर्षी २२ सप्टेंबरला सुरू झाली. दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत. तरी ती हातोहात संपली, काळ्या बाजारात भाव लाखांच्या घरात गेल्याच्या तक्रारी झाल्या आणि प्रकरण मुंबई पोलिसांपर्यंत पोचले. मागाहून २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम इंटरनेटवरून थेट दाखवण्यात आला. म्हणजे आमच्या कंधारच्या माणसालाही तो घरबसल्या मोबाइलवर ऐकण्याची सोय झाली. ज्या संगीतासाठी एवढी झुंबड उडाली ते कसे आहे, हा प्रश्न मात्र त्या धामधुमीत कोणी फारसा विचारला नाही. तो आपण विचारू.

प्रथम त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. 'क्लॉक्स' हे त्यांचे २००२ मधले गाणे घ्या. २००४ साली त्याला ग्रॅमी हे अमेरिकेतले मानाचे पारितोषिक मिळाले. त्यात पियानोवर एक उतरती सुरावट सारखी फिरत राहते आणि आठ मात्रांची वाटणी तीन-तीन-दोन अशी होते. आपल्या गावच्या ढोलकीवाल्याला हे वजन ओळखीचे वाटेल. केरव्याच्या आठ मात्रांत असे आघात तो सहज टाकतो. सुरावट गोड आहे, एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही. असे काही सुचणे हे किरकोळ काम नव्हे.

माझी तक्रार पुढे सुरू होते. ती सुरावट सापडली, आणि तेथेच शोध संपला. गाणे पुढे वाढते ते आवाजाने. आधी पियानो, मग ड्रम, मग गिटार, मग या सर्वांचा मिळून गजर. 'व्हिवा ला व्हिडा' या २००८ च्या गाजलेल्या गाण्यातही तेच चार स्वरसंघ बहुतेक सर्व वेळ एकामागून एक येत राहतात आणि शेवटी शब्दांची जागा नुसता हुंकार घेतो, म्हणजे पन्नास हजार लोकांना एकदम ओरडता यावे. पुनरावृत्ती हा स्वतः दोष नाही; नाही तर विठ्ठलाचा नामगजरही दोषी ठरेल. पण नामगजरात लय चढते, टाळकरी तिला वळण देतात, मृदंग आतून नवे काही बोलत राहतो. तीच अक्षरे दहाव्या वेळी पहिल्यासारखी राहत नाहीत. या बँडच्या गाण्यात दहाव्या वेळी तीच गोष्ट अधिक मोठ्याने ऐकू येते, एवढेच. मोठेपणा आणि मोठा आवाज यांतला हा फरक आहे.

तो झाकण्यासाठी देखावा लागतो. या बँडच्या कार्यक्रमात प्रत्येक श्रोत्याच्या मनगटावर दिव्याचा पट्टा बांधतात. गाण्याबरोबर हजारो मनगटे एकदम लाल, एकदम निळी होतात. दृश्य खरोखर सुंदर असते. चाहते म्हणतात की यामुळे श्रोता कार्यक्रमाचा भाग होतो. मला हे मान्य नाही. भजनात टाळ ज्याच्या हाती, ताल त्याच्याच हाती असतो. तो चुकला तर शेजारी ऐकतो आणि सावरून घेतो. येथे दिवा तुमच्या हातावर आणि कळ दुसऱ्याच्या हाती. याला सहभाग म्हणणे म्हणजे तोरणातल्या दिव्याने दिवाळी साजरी केली म्हणण्यासारखे आहे.

असाच अतिरेक बीटल्सच्या बाबतीतही झाला आहे. त्यांनी पूर्वपश्चिमेचा संगम घडवला, असे सहज लिहिले जाते. १९६५ च्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार आहे हे खरे. पण ती गाण्याचीच चाल तारांवर गिरवते. संगम म्हणण्याजोगे काही त्यात नाही. त्यापेक्षा 'द इनर लाइट' कितीतरी सरस आहे. त्याचे वाद्यसंगीत जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत हिंदुस्थानी वादकांकडून वाजवून घेतले. गौरव मात्र पहिल्याचा अधिक होतो. गंमत अशी की खुद्द हॅरिसनला या बाबतीत भ्रम नव्हता. तो रविशंकरांपाशी शिकला, आणि आपण थोर सतारिये होणार नाही हे उमजून पुन्हा गिटारीकडे वळला. देवाला आपली पायरी कळली. भक्तांना कळली नाही.

यावर कोणी म्हणेल, की आपल्या घरी काय निराळे आहे? बालगंधर्वांच्या नाटकांत 'वन्स मोअर'चा पाऊस पडत असे, तोही गाजावाजाच होता. होता, पण त्यात एक महत्त्वाचा भेद आहे. 'वन्स मोअर' पद ऐकल्यानंतर येत असे. श्रोता आपल्या कानांच्या साक्षीने तो देई, आणि गायक तेच पद पुन्हा म्हणताना नवी जागा दाखवून त्याचे मोल फेडी. आज मात्र आपल्याकडेही चाल निघण्यापूर्वीच तिचे कौतुक छापून तयार असते. तेव्हा हा झगडा देशी आणि परदेशी यांच्यातला नाही. तो कान आणि जाहिरात यांच्यातला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरुण मुले तेथे संगीताची परीक्षा घ्यायला जात नाहीत. हजारोंच्या मेळ्यात एकरूप व्हायला जातात, तुमचे काय बिघडले? काहीच नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला माणसे जातात तीही याच ओढीने. पण यात्रेला आलेला माणूस वाघ्या-मुरळीचे गाणे रंगले नाही तर उठून पुढच्या राहुटीकडे जातो. त्याची भक्ती त्याच्या कानांच्या आड येत नाही. पस्तीस हजार मोजून आत गेलेल्याला मात्र रंगले नाही असे म्हणण्याची सोय उरत नाही. तसे म्हटले तर आपण मागासलेले ठरू, ही भीती खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या मुलाला अधिक. आवडले नाही हे सांगण्याचे धैर्य तो गमावतो, आणि ते गमावले की आवडले या शब्दालाही अर्थ राहत नाही.

याची किंमत कोणीतरी मोजतोच. कंधारला बँड म्हटले की लग्नाच्या वरातीतला बँड डोळ्यांसमोर येतो. क्लॅरिनेटवर ऐन वेळी फर्माईश झालेली चाल उचलून तिच्यात दोन हरकती घालणारा वादक त्यात असतो. त्याच्याशी आपण शे-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो आणि तो वाजवीत असताना गप्पा मारतो. हलगीवाल्याची, संबळ वाजवणाऱ्या गोंधळ्याची गतही याहून बरी नाही. हे सारे थोर कलावंत आहेत असे मी म्हणत नाही. त्यांत बेसूरही पुष्कळ आहेत. पण बरा कोणता आणि बेसूर कोणता हे सांगायला आपण ऐकले तर पाहिजे! एकीकडे न ऐकता टाळ्या आणि दुसरीकडे न ऐकता घासाघीस, ही एकाच बहिरेपणाची दोन रूपे आहेत.

म्हणून या दिवाळीत घरी आलेल्या मुलाने आपला आवडता बँड लावला, तर वडीलधाऱ्यांनी नाक मुरडू नये. शेजारी बसून गाणे अखेरपर्यंत ऐकावे, आणि मग त्याला विचारावे, "यातले नेमके काय तुला आवडले?" त्याने चालीतली एखादी जागा बोट ठेवून दाखवली, तर तो रसिक झाला असे खुशाल समजावे आणि त्या बँडलाही आपली दाद द्यावी. त्याने नुसता तिकिटांचा आकडा सांगितला, तर वाद्ये अजून जुळायचीच आहेत असे समजून टाळ्या राखून ठेवाव्यात.