आकाशाची शाळा आणि गुरुजींची लेखणी

प्रवासवर्णनाचा एक नवा पोटप्रकार अलीकडे आपल्याकडे रुजूं पाहत आहे. शिक्षक अंतराळवीरांच्या धर्तीवरील प्रशिक्षण-शिबिरास जातात, चार-पांच दिवस निळा पोशाख अंगावर चढवितात, फिरत्या चक्रांत बसतात, लुटुपुटीच्या यानाचें सारथ्य करितात आणि घरीं परतल्यावर आपला अनुभव लिहितात. या वृत्तान्तांकडे टीकाकारांचें लक्ष अद्यापि गेलेलें नाहीं. शाळेच्या वार्षिकांत अथवा वर्तमानपत्राच्या पुरवणींत आलेल्या लेखाची वाङ्मय म्हणून परीक्षा कशाला करावयाची, असा प्रश्न कोणी करील. आमचें मत निराळें आहे. जो लेख वाचून मुलांच्या मनांत आकाशाविषयीं पहिली कल्पना उभी राहावयाची, त्याची परीक्षा कादंबरीहूनही कडक झाली पाहिजे.

या शिबिरांचें मूळपीठ अमेरिकेच्या अलाबामा संस्थानांतील हंट्सव्हिल हें शहर होय. माणसांस चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न अग्निबाणाची आखणी येथेंच झाली. तेथील अग्निबाण-संग्रहालयानें १९८२ सालीं मुलांसाठीं अंतराळ-शिबिर सुरू केलें, आणि २००४ पासून हनीवेल कंपनीच्या साहाय्यानें गणित व विज्ञान शिकविणाऱ्या देशोदेशींच्या शिक्षकांसाठीं तेथें स्वतंत्र शिबिर भरूं लागलें. तेथील एक खुर्ची स्प्रिंगांवर टांगलेली असते. बसणाराच्या वजनाचा पांच-षष्ठांश भार ती तोलून धरते, आणि उरलेल्या एक-षष्ठांश वजनानें त्यास चंद्रावर चालल्याप्रमाणें लांब उड्या मारतां येतात. एकांत एक बसविलेल्या कड्यांचें दुसरें यंत्र माणसास तिन्ही दिशांनीं गरगर फिरवितें. शिवाय यानाचा व नियंत्रण-कक्षाचा हुबेहूब देखावा असतो; तेथें मुद्दाम बिघाड घडवून आणितात आणि तो सर्वांनीं मिळून निस्तरावयाचा असतो.

सामग्री अशी भरगच्च असूनही तिच्यांतून निपजणारे वृत्तान्त बहुधा एकाच सांच्यांतले असतात. प्रथम निवडीचा आनंद, मग विमानतळ, मग पोशाख, मग चक्र, शेवटीं प्रमाणपत्र व छायाचित्र. मध्यंतरीं केव्हां तरी लेखकाचें मन भरून येतें आणि शब्द अपुरे पडतात. ज्याचा व्यवसायच शब्दांचा, त्या शिक्षकाच्या तोंडीं ही कबुली शोभत नाहीं. शब्द जेथें अपुरे पडूं लागतात, तेथेंच त्याचें खरें काम सुरू होतें.

याहून गंभीर दोष अर्थाचा आहे. ‘अंतराळांत गुरुत्वाकर्षण नसतें’ हें वाक्य अशा लेखांतून किती सहज येतें! वस्तुस्थिति अशी कीं, सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अंतराळ-स्थानकावर पृथ्वीचें आकर्षण येथल्या मानानें शेंकडा ९० च्या जवळपास असतेंच असतें. तें नसतें, तर ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगानें धांवणारें तें स्थानक सरळ रेषेंत निघून गेलें असतें. स्थानक आणि त्यांतील माणसें पृथ्वीभोंवतीं अखंड पडतच असतात, आणि सारींच एकत्र पडत असल्यामुळें कोणाचें वजन कोणास लागत नाहीं. ‘शून्य गुरुत्व’ हा शब्द म्हणून फसवा आहे. ‘भारहीनता’ हा खरा. ही चूक व्याकरणाची असती तर आम्हीं ती सोडून दिली असती. परंतु हिच्यामुळें मूल विषयाच्या दारांतच वाट चुकतें. आणि तें समजविण्यास हंट्सव्हिलला जावें लागत नाहीं. जत्रेंतील उंच पाळणा खालीं येऊं लागला म्हणजे पोटांत जो गोळा उठतो, तो याच भारहीनतेचा ओझरता स्पर्श होय. तळाशीं भोंक पाडलेला डबा पाण्यानें भरून उंचावरून सोडावा. हातांत असतांना वाहणारी धार डबा पडत असतां थांबते. ज्या वृत्तान्तांत हा डबा नाहीं, त्यांतील चक्र व्यर्थ फिरलें असें आम्ही समजतों.

आमच्या डोळ्यांपुढें एक विशिष्ट वाचक आहे, आणि त्याचें गांव बीड तालुक्यांतील नारायणगडाच्या आसपास आहे. नगद नारायण महाराजांचा हा गड. विठ्ठलभक्त त्यास धाकटी पंढरी म्हणतात. या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोची जोडी तेथें ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते, आणि त्या कोयत्याबरोबर अनेकदां मूलही शाळा सोडून जातें. पहांटेच्या आधीं फडांत उभ्या राहणाऱ्या त्या मुलास शुक्राची चांदणी व कृत्तिकांचा पुंजका शहरांतल्या मुलाहून अधिक ओळखीचा असतो; त्याच्यापाशीं नसतो तो त्या ओळखीस अर्थ देणारा माणूस. त्याचे गुरुजी परदेशच्या शिबिरास जाऊन आले, तर त्यास मिळावें काय? निळ्या पोशाखाचें छायाचित्र त्याच्या उपयोगाचें नाहीं. उलट, आकाश म्हणजे दूर देशीं, विमानानें जाऊन पाहावयाची वस्तु आहे, अशी समजूत त्या छायाचित्रानें होण्याचा संभव अधिक. वारीहून परतलेला माणूस प्रसाद व बुक्का घरोघर वांटतो. तो एकट्यानें ठेवून घेतला तर वारी पुरी झाली असें कोणी मानीत नाहीं. शिबिराच्या वृत्तान्तासही हाच दंडक लाविला पाहिजे.

हा दंडक आम्ही बाहेरून आणलेला नाहीं. मराठींत त्याचा उत्तम दाखला आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशानें शिक्षकच होते. त्यांचा ‘ज्योतिर्विलास’ १८९२ सालीं निघाला, आणि त्यास त्यांनीं ‘रात्रीची दोन घटका मौज’ असें साधें दुसरें नांव दिलें. पुढें १८९६ सालीं ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा थोर ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि अवघ्या दोन वर्षांनीं त्यांचा अंत झाला. ग्रंथकर्ता एवढा पंडित. तथापि सामान्य वाचकास तो अंगणांत नेतो, आपल्या विद्वत्तेच्या सभेंत बसवीत नाहीं. वाचकानें मान वर करावी एवढीच त्याची अपेक्षा. दीक्षितांना अग्निबाण पाहावयास मिळाला नाहीं. आजच्या वृत्तान्तकारास तो मिळतो, आणि तरीही वाचकाची मान वर होण्याऐवजीं लेखकाच्या छायाचित्राकडे वळते.

या प्रकाराचा एक श्रेष्ठ ग्रंथ लिहिला जावयाचा होता. तो लिहिला गेला नाहीं. अमेरिकेनें १९८४ सालीं शिक्षकास अंतराळांत धाडण्याचें ठरविलें, तेव्हां ११,००० हून अधिक अर्ज आले. त्यांतून १९८५ च्या जुलैंत न्यू हॅम्पशायर संस्थानांतील क्रिस्टा मॅकॉलिफ यांची निवड झाली. त्या विज्ञानाच्या नव्हेत, समाजशास्त्र व इतिहास या विषयांच्या शिक्षिका होत्या. गाड्यांतून पश्चिमेकडे वसाहत करण्यास गेलेल्या स्त्रियांच्या रोजनिशांतून जसा सामान्य माणसाचा इतिहास कळतो, तशी आपणही यानांत रोजनिशी ठेवावी, असा त्यांचा संकल्प होता. २८ जानेवारी १९८६ रोजीं उड्डाणानंतर ७३ सेकंदांत ‘चॅलेंजर’ यान आकाशांतच भंगलें आणि सातही जण मृत्यु पावले. त्यांच्या जागीं राखून ठेविलेल्या शिक्षिका बार्बरा मॉर्गन पुढें २००७ सालीं अंतराळांत जाऊन आल्या, आणि मॅकॉलिफ यांनीं योजिलेल्या पाठांपैकीं कांहीं प्रयोग २०१८ सालीं दोघा अंतराळवीरांनीं, जे पूर्वाश्रमीं शिक्षकच होते, स्थानकावर करून दाखविले. पाठ अशा रीतीनें पुरे झाले. रोजनिशी मात्र कायमची कोरी राहिली.

आपल्या वृत्तान्तांत या प्रसंगास आदरानें नमस्कार असतो. त्यापलीकडे बहुधा कांहीं नसतें. आम्हांस सर्वांत अधिक खटकतें तें हेंच. त्या सकाळीं कडाक्याची थंडी होती. अग्निबाणाच्या सांध्यांतील रबराचीं कडीं थंडीनें आपली लवचिकता गमावतील, अशी धास्ती कांहीं अभियंत्यांनीं आदल्या रात्रीं बोलून दाखविली होती. वरिष्ठांनीं ती मानली नाहीं. चौकशी-मंडळापुढें रिचर्ड फाइनमन यांनीं तशा रबराचा तुकडा पकडींत दाबून बर्फाच्या पाण्यांत बुडविला, आणि बाहेर काढल्यावर तो लगेच पूर्ववत् होत नाहीं हें सर्वांसमक्ष दाखविलें. एक पेला, थोडें बर्फ व एक लहानशी पकड एवढ्या साहित्यानिशीं सत्य उघड झालें! प्रयोगशाळा नसलेल्या शाळेंतील शिक्षकास याहून मोठा धीर कोणता द्यावा? आणि मुलांस याहून मोठी नीति कोणती सांगावी, कीं यंत्र अधिकाऱ्याचा हुकूम मानीत नाहीं व ज्याला धोका दिसतो त्यानें तो बोलून दाखविला पाहिजे, इतकेंच नव्हे तर वरच्यानें तो ऐकला पाहिजे? हें सांगितल्यानें गेलेल्यांचा अवमान होतो असें ज्यांस वाटतें, त्यांनीं मॅकॉलिफ या इतिहास शिकवीत असत हें आठवावें.

शिक्षकानें हर्ष व्यक्तच करूं नये काय, असें कोणी विचारील. अवश्य करावा; कोरड्या टिपणापेक्षां हर्ष केव्हांही बरा. परंतु हर्षाचें खरें कारण या लेखकांच्या हातून निसटतें, असें आम्हांस वाटतें. शिबिराची मोठी देणगी ही कीं, वीस वर्षें फळ्यापुढें उभा असलेला मनुष्य तेथें पुन्हा बाकावर बसतो. त्याचें डोकें गरगरतें, कळ चुकीची दाबली जाते, वयानें धाकटा सोबती त्यास दुरुस्त करितो. न समजणें म्हणजे काय हें तो पुनः अनुभवितो, आणि सहा महिने शाळा बुडवून आलेल्या मुलास फळ्यावरचें कां कळत नाहीं, याचा उलगडा त्यास तेथें होऊं शकतो. हें प्रकरण बहुतेक वृत्तान्तांतून गळालेलें असतें. कारण गुरुजी विद्यार्थी झाले होते हें छापून यावें असें गुरुजींस वाटत नाहीं. आमच्या मतें तेंच प्रकरण आधीं लिहावें.

शिबिरास जाणारे थोडे, आणि त्यांच्या लेखाची वाट पाहणारे पुष्कळ, अशी स्थिति पुढेंही बराच काळ राहणार. म्हणून अशा लेखाचें मोल ठरवितांना आम्ही एकच गोष्ट पाहूं: तो वाचून झाल्यावर गडाच्या पायथ्याचें मूल त्याच रात्रीं अंगणांत येऊन कांहीं नवें पाहूं शकलें कीं नाहीं. पाहूं शकलें, तर भाषा ओबडधोबड असली तरी तो लेख आम्ही मराठी वाङ्मयांत आनंदानें जमा करूं.