अस्सल, नक्कल आणि प्रक्षेप : कर्जत-खालापुराविषयीं थोडा विचार

कर्जत व खालापूर हे तालुके आतां मुंबई-पुण्याच्या प्रवाशांचें विश्रांतिस्थान झाले आहेत. शेतघरें वाढलीं, जमिनींचे मालक पालटले, आणि 'मूळ संस्कृति लोपली' अशी तक्रार ऐकूं येऊं लागली. ती निराधार नाहीं. परंतु मूळ कशास म्हणावयाचें याचा निर्णय तींत केलेला नसतो. दफ्तरें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस त्यासाठीं नवी कसोटी नको. अस्सल, नक्कल व प्रक्षेप हा भेद येथेंही पुरतो.

नक्कल ही नक्कल म्हणून ठेवली तर दोषास्पद नव्हे. कर्जतनजीक २००५ सालीं उभारलेल्या एन. डी. स्टुडिओंतील किल्ले-महाल हे चित्रपटांचे देखावे होत. ते तसेच पाहावे. नवें तेवढें खोटें, हेंही आम्हांस मान्य नाहीं. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० त माथेरानीं गेले, त्यानंतर तें हवा खाण्याचें ठिकाण बनलें. नेरळची लहान आगगाडी १९०७ ची. प्रवाशांकरितां झालेलीं हीं कृत्यें आज स्वतःच इतिहासाचीं साधनें आहेत. त्याच डोंगरावर शार्लट तलावाकांठीं ग्रामदैवत पिसारनाथाचें देवालय आहे. एक नांव बाहेरून आलेल्यांचें, दुसरें तेथल्या वस्तीचें; दोन्हीं राहावींत. नव्यानें जुनें पुसलें, तर तो प्रक्षेप होय.

खरी भीति अस्सलाच्या नाशाची आहे. कोंडाणे येथील लेण्यांत, कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, अशा अर्थाचा ब्राह्मी लेख आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका कारागिराचें नांव त्यानें राखलें. पावसाळ्यांत गर्दी जमते ती मात्र धबधब्यासाठीं. उंबरखिंडींत २ फेब्रुवारी १६६१ रोजीं शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाची फौज कोंडली. त्या युद्धाचा अस्सल कागद म्हणजे ती अरुंद वाट, तो ओढा व त्या उतरणी. तेथें स्मारक आहे. परंतु उद्यां उतरणी सपाट झाल्या, तर अस्सल जाळून नक्कल जपल्यासारखें होईल.

शेतांचीं, पाणवठ्यांचीं व वाटांचीं नांवें तर कागदावरही क्वचितच आहेत. तीं ठाकूर, कातकरी व कुणबी वृद्धांच्या मुखीं आहेत. भूखंडास क्रमांक आणि फाटकास पाटी लागली, कीं तीं विसरलीं जातात. पोथ्या जमविणाऱ्यांनीं हीं नांवेंही गांववार टिपून घ्यावींत. विक्री आम्हांस थांबवितां येणार नाहीं; विक्रीपूर्वीं नक्कल उतरून घेणें तरी आपल्या हातीं आहे.