विनामूल्य ध्वनिसंग्रह : निवड, नोंद आणि पुरावा

संगीतविषयक नियतकालिकाच्या अंकाबरोबर वाचकास एक सीडी विनामूल्य द्यावयाची, आणि अंकात ज्यांची चर्चा केली आहे अशा गायक-वादकांच्या निवडक रचना तीत एकत्र करावयाच्या, ही प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्लंडमध्ये चांगलीच रूढ झाली. ‘बीबीसी म्युझिक मॅगझिन’ हे मासिक १९९२ साली निघाले ते मुखपृष्ठावर सीडी घेऊनच. पुढे ‘मोजो’, ‘अनकट’, ‘साँगलाइन्स’ इत्यादींनी तोच मार्ग धरला. दक्षिण मुंबईतील ग्रंथविक्रेत्यांकडे असे अंक येत असत आणि त्यांचा एक लहानसा परंतु निष्ठावंत वाचकवर्गही होता. या प्रथेकडे बहुधा विक्रीची एक युक्ती म्हणूनच पाहिले जाते. असा संग्रह हा टीकालेखनाचाच एक प्रकार होय, आणि टीका या नात्याने त्याचे मूल्य त्यासोबतच्या लिखित टिपणावर अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. हा प्रश्न केवळ संगीतरसिकांचा नाही. ध्वनीचा पुरावा वापरणाऱ्या भाषाभ्यासकाचाही तो आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. दाम न देता मिळालेल्या वस्तूसाठी मराठीत ‘फुकट’, ‘मोफत’, ‘विनामूल्य’ आणि ‘भेट’ असे शब्द आहेत. परंतु ते एकमेकांच्या जागी सर्वत्र बसत नाहीत. ‘फुकट’मध्ये अवहेलना आहे, ‘श्रम फुकट गेले’ या प्रयोगात तर त्याचा अर्थ ‘व्यर्थ’ असाच होतो. फारसीतून आलेला ‘मोफत’ त्यामानाने निर्विकार आहे. ‘भेट’ या शब्दात देणारा आणि घेणारा यांच्यातील संबंध सूचित होतो. ‘विनामूल्य’ हा शब्द मात्र द्व्यर्थी आहे, कारण ‘मूल्य’ म्हणजे किंमत आणि मूल्य म्हणजे महत्त्वही. ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीत हे द्व्यर्थित्व प्रत्यक्ष परिणाम घडविते. अंकाला किंमत असते म्हणून त्याची नोंद होते. चकतीला किंमत नसते म्हणून तिची नोंद होत नाही. वर्षअखेर अंकांची बांधणी होते तेव्हा चकती बांधणीला अडचणीची म्हणून वेगळी काढली जाते. फोर्ट वा दादर येथील पदपथांवरील जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांतही अंक सापडतो, त्यावर डिंकाचा वाळलेला डागही असतो. चकती तेवढी नसते.

आता निवडीचे स्वरूप पाहू. टीकाकार कवितेविषयी लिहितो तेव्हा तो काही ओळी उद्धृत करतो आणि त्यांच्या आधारे आपले मत मांडतो. ध्वनिसंग्रहाचा संपादक संपूर्ण कृतीच उद्धृत करतो. त्याचे मत निवडीतून, क्रमातून आणि शीर्षकातून व्यक्त होते. याचे सुपरिचित उदाहरण म्हणजे ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाने १९८६ साली काढलेली ‘सी ८६’ ही ध्वनिफीत. ती टपालाने मागवावी लागे, म्हणून काटेकोर अर्थाने ती विनामूल्य नव्हे; परंतु पुढील चकत्यांची ती पूर्वज ठरते. तीत २२ गटांचे प्रत्येकी एक गीत होते. ‘सी ६०’, ‘सी ९०’ या फितींच्या लांबीदर्शक संज्ञांच्या धर्तीवर हे नाव बेतलेले होते. पुढे हे विशेषनाम एका संपूर्ण संगीतशैलीचे सामान्यनाम बनले. संपादकांनी २२ गीते शेजारी शेजारी ठेवली नसती, तर त्या सर्वांत काही समान आहे हे कोणाच्या लक्षात आले असते की नाही, याची शंकाच आहे. वर्गीकरण करणे आणि त्यास नाव देणे हे टीकेचे कार्य होय, आणि ते येथे एकही परिच्छेद न लिहिता साधले आहे.

परंतु या टीकेला एक अंगभूत मर्यादा आहे. ग्रंथाचा परीक्षक कोणत्याही ग्रंथातील चार ओळी उद्धृत करू शकतो. संग्रहाच्या संपादकास मात्र जे मुद्रित झाले आहे आणि ज्याची अनुमती मिळते तेवढ्यातूनच निवड करावी लागते. विनामूल्य चकतीसाठी अनुमती बहुधा तीच कंपनी आनंदाने देते, जिला नव्या गायकाची जाहिरात हवी असते. म्हणून अशा संग्रहातील मौनही वाचावे लागते. हा निकष मुंबईस लावून पाहावा. गिरगावातील नाट्यसंगीताचा श्रोता आणि लालबाग-परळमधील शाहिरीचा श्रोता एकाच शहरात वावरत होते. नाट्यपदे तबकडीवर आली, म्हणून ती पुढे फितीवर, सीडीवर आणि प्रत्येक संग्रहात येत राहिली. १९४० नंतरच्या दशकात अण्णा भाऊ साठे, अमरशेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणी कामगारांच्या वस्त्यांतून जे गायिले, त्यातील बराच भाग मुद्रणकक्षात पोहोचलाच नाही. ‘मुंबईचे मराठी संगीत’ या नावाचा संग्रह कोणी उद्या केला, तर त्यात गिरगावचा आवाज परळपेक्षा मोठा ऐकू येईल. हा दोष संपादकाच्या रुचीचा असेलच असे नाही. परंतु टिपणात त्याचा उल्लेख नसेल, तर श्रोता मुद्रणाचा इतिहास हाच संगीताचा इतिहास समजेल.

टिपण आणि ध्वनी यांची फारकत झाली म्हणजे काय होते, हे पाहण्यास गिरगावच पुरेसे आहे. तेथील मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. त्यातील सात गीतांच्या तबकड्या निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची प्रतही आज उपलब्ध नाही. या गीतांविषयी आपणांस जे ठाऊक आहे ते कागदोपत्री आहे, ध्वनी नाही. याच्या नेमकी उलट अवस्था अंकापासून सुटलेल्या चकतीची होते : ध्वनी आहे, कागद नाही. या दोन टोकांच्या मध्ये १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेचे कार्य उभे आहे. तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाने तबकड्यांचे क्रमांक, लेबले, गायक आणि वर्षे यांच्या सूची चिकाटीने छापल्या. वरवर पाहता हे नीरस काम वाटेल, परंतु ऐकलेल्या ध्वनीस पुराव्याचा दर्जा त्याच सूचींमुळे येतो.

भाषाभ्यासकाचा संबंध येथे येतो. मराठीत तालव्य आणि दंततालव्य ‘च’, ‘ज’ यांचा भेद अर्थभेदक आहे : ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ वेगळे आहेत, ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ हे जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, यांत केवळ ‘ज’च्या उच्चाराने भेद होतो. हे भेद, तसेच ‘स’ आणि ‘श’ यांचा भेद, बऱ्याच अंशी घर्षणाच्या उच्च कंपनसंख्येत असतो. ‘स’च्या घर्षणाचा मुख्य भाग सेकंदास चार हजार कंपनांच्या वर आढळतो. १९२५ पूर्वीच्या कर्ण्याच्या साह्याने केलेल्या मुद्रणात दोन-अडीच हजारांच्या वरचे फारसे टिपले जात नसे. विद्युत्-मुद्रणाने ही मर्यादा वाढविली. पुढे जुनी तबकडी सीडीवर घेताना खरखर घालविण्यासाठी जी गाळणी लावतात, ती कधी कधी उरलेले घर्षणही गाळून टाकते. शिवाय ‘७८ फेऱ्यांच्या’ म्हणविल्या जाणाऱ्या आरंभीच्या तबकड्या सर्वच ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नव्हत्या. गती चुकली की स्वर चढतो अथवा उतरतो.

बालगंधर्वांचे मुद्रण या दोन्ही कालखंडांत झाले. एका चकतीवर त्यांची दोन पदे लागोपाठ आली, पहिले कर्ण्यापुढे गायिलेले आणि दुसरे ध्वनिग्राहकापुढे, आणि वर्षांची नोंद नसली, तर विद्यार्थी त्यांतील फरक गायकाच्या उच्चारातील फरक म्हणून नोंदवील. वस्तुतः तो यंत्रातील फरक असण्याचाच संभव अधिक. विनामूल्य संग्रहातील एका गाळलेल्या ओळीमुळे प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण निराधार ठरू शकते.

येथे अशी शंका घेतली जाईल की, सीडीचा काळच सरला आहे. कोणतेही गीत आज इंटरनेटवर क्षणार्धात मिळते, मग या चर्चेचे प्रयोजन काय? उत्तर असे की, साधन बदलले असले तरी प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. मासिकाच्या चकतीमागे निदान नावाचा एक संपादक होता आणि त्याचे टिपण अंकात छापलेले होते. आजच्या गीतमालिका पुष्कळदा यंत्रच जुळविते. निवड कोणी व का केली, हे सांगण्यास तेथे कोणी नसते. कवी आणि संगीतकार यांची नावेही तेथे वारंवार गळतात. नोंदीविना ऐकण्याची सवय चकतीने लावली नसेल, परंतु सुटलेल्या चकतीने ती सोपी केली, हे मान्य करावे लागेल.

या विवेचनातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. विभागीय ग्रंथालयांनी अंक आणि चकती यांना एकच दाखलक्रमांक द्यावा आणि चकतीवर अंकाचा महिना व टिपणाचा पृष्ठांक लिहून ठेवावा. चकत्या निकामी होण्यापूर्वी त्यांची टिपणासह प्रत करून घ्यावी. प्रबंधात ध्वनीचे उदाहरण देणाऱ्या विद्यार्थ्याने गायक, कवी, संगीतकार, मुद्रणाचे वर्ष, मूळ तबकडीचा क्रमांक आणि आपण ऐकलेली आवृत्ती इतक्या गोष्टी अवश्य नोंदवाव्यात. यांपैकी जे कळत नाही, ते कळत नाही असे स्पष्ट लिहावे. आणि संग्रहाचे परीक्षण करणाऱ्याने गीते किती गोड आहेत एवढ्यावर न थांबता, ती निवडणाऱ्याने आपली निवड किती प्रामाणिकपणे उघड केली आहे, हेही तपासावे. हस्तलिखिताची पुष्पिका आपण काळजीने उतरवून घेतो. ध्वनीच्या बाबतीत तीच काळजी आपल्या विभागात अद्याप नियम बनलेली नाही. ती बनणे अगत्याचे आहे.