तीनचाकीपाशी

हिरोशिमाचं शांती स्मारक संग्रहालय वाचायला सुरुवात बाहेरूनच करावी. वास्तुकार केन्झो तांगे यांनी मुख्य इमारत खांबांवर उचलून धरली आहे. समोर स्मृतिकमान, तिच्यातून दिसणारी ज्योत आणि नदीपलीकडे अणुबाँब घुमटाचा उघडा सांगाडा, सगळं एका सरळ रेषेत. दगडी कमानीखालच्या पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या आहेत. दर ६ ऑगस्टला त्यांत आणखी नावं चढतात.

अणुबाँबनं १९४५ अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. एवढा आकडा वाचून छाती दडपते खरी, पण डोळ्यांपुढे कुणीच येत नाही. संग्रहालय म्हणूनच वस्तूंवर भिस्त ठेवतं. उदाहरणार्थ, एक तीनचाकी सायकल. बाँब पडला तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होत आलेला मुलगा तिच्यावर खेळत होता. तो त्याच रात्री गेला. एवढ्याशा पोराला दूर एकट्याला कसं पुरायचं, म्हणून वडिलांनी त्याला परसातच मातीआड केलं आणि सोबत त्याची सायकल ठेवली. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, अस्थी कुटुंबाच्या थडग्यात हलवताना ती बाहेर काढली. आज काचेआड आहे तो गंजून तांबूस झालेला सांगाडा. मजकूर मोजका, विशेषणं जवळजवळ नाहीत. बाप किती रडला, हे कुणी सांगत नाही. मांडणीची खरी ताकद या हात आखडण्यात आहे.

एका बँकेच्या दगडी पायऱ्यांचंही तसंच. स्फोटकेंद्रापासून २६० मीटरवर कुणीतरी त्यांवर बसलं होतं. उष्णतेनं भोवतालचा दगड पांढुरका झाला, माणसाच्या जागी काळसर डाग उरला.

पूर्वी इथे होरपळलेल्या माणसांचे पुतळे होते. २०१७ मध्ये ते काढले, तेव्हा नाराजी उमटली. मला निर्णय पटतो. पुतळ्यासमोर माणूस दचकतो आणि पुढे सरकतो. सायकलीपाशी मात्र थबकतो.

उणीव एकच, पण मोठी. हे युद्ध इथवर कसं आलं, जपाननं आशियात काय केलं, याला त्या मानानं फार थोडी जागा मिळते. बाँबनं मेलेल्यांत हजारो कोरियन होते, अनेकांना सक्तीनं मजुरीला आणलेलं. त्यांचा स्मृतिस्तंभ १९७० मध्ये उद्यानाबाहेर उभा राहिला; आत यायला १९९९ उजाडलं. हिरोशिमाला गेलात, तर तो पाहिल्याशिवाय परतू नका.